सहा थांबे, बारा मिनिटं

३ मार्च, सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. कारण एकच. पुढे कोणी काही बोललं तर माझ्याकडे लेखी पुरावा हवा. कोणाला दाखवायची नाही.

मोटर क्लबचं पत्रक आलं. क्लबला यंदा पंचवीस वर्षं होतात. मे महिन्यात सगळ्या मेंबरांच्या गाड्यांचा ताफा निघणार. एकेचाळीस गाड्या. गेली नऊ वर्षं ताफ्यात पहिली गाडी माझी. का नसावी? बस कंपनीच्या वेळापत्रक विभागात एकतीस वर्षं काढलीत. कुठली गाडी कुठे किती वाजता पोचेल हे मला झोपेतून उठवून विचारा. पण यंदा सेक्रेटरींनी नवीन टूम काढली आहे. 'तुमचा आवडता निसर्गरम्य रस्ता आणि त्यावरचे थांबे' अशी स्पर्धा. ज्याचा रस्ता निवडला जाईल तो ताफ्याच्या पुढे.

सेक्रेटरी म्हणजे रिटायर्ड डेंटिस्ट. प्रश्न विचारतात आणि उत्तराला थांबत नाहीत. समोरच्याच्या तोंडात कापूस आहे असं धरून चालतात. पण ही टूम त्यांच्या डोक्यातली नव्हे. यामागे माझा साडू आहे.

संकल्प: एक, स्पर्धा जिंकणे. दोन, चिडायचं नाही. तीन, साडूबद्दल या वहीत एक अक्षर लिहायचं नाही.

संध्याकाळी ७.३०

साडूबद्दल. हा गृहस्थ सोफे विकतो. दिवसभर गिऱ्हाइकाला "बसून तर बघा" म्हणतो आणि तीच खोड रस्त्यावर. झाड दिसलं, थांब. पूल दिसला, थांब. गाय दिसली, थांब. चार तासांच्या रस्त्याला नऊ तास लावतो आणि वर सांगतो की मजा आली. मी त्याचं नाव थांबेश्वर ठेवलंय. मेहुणीला हे नाव आवडत नाही. म्हणजे बरोबर बसलंय.

५ मार्च, ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत

रस्ता ठरला. घाट चढून, तळ्यावरून, लाइटहाऊसला वळसा घालून नदीकाठाने परत. दोनशे बारा किलोमीटर. सहा थांबे: घाटातलं वळण, सफरचंदांची बाग, तळं, दगडी पूल, लाइटहाऊस आणि पेट्रोल पंप. पंपावरून डोंगर दिसतो. शिवाय हवा भरता येते.

प्रत्येक थांबा दोन मिनिटं. माणूस दोन मिनिटांत उतरतो, बघतो, चढतो. आमच्या अख्ख्या कंपनीत हेच चालतं, कोणाची तक्रार नाही. म्हणजे तक्रारी आहेत, पण त्या दुसऱ्या विभागाकडे जातात.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी कागदात डोकावून विचारलं, दोन मिनिटांत तळं कसं बघून होणार. मी म्हटलं, तळं कुठे पळून चाललंय? ते जागेवरच असतं, त्यामुळे वेळ कमी लागतो. त्यांनी परत आपल्या फायलीत तोंड घातलं. पटलं त्यांना.

८ मार्च

फॉर्म आला. डावा भाग चालकाने भरायचा, उजवा भाग सहप्रवाशाने. एकमेकांचा भाग बघायचा नाही. दोन वेगळी पाकिटं, दोन्ही बंद. सेक्रेटरी म्हणतात, आजवर बाजूला बसणाऱ्यांना कोणी काही विचारलंच नाही.

बाजूला बसणाऱ्यांना काय विचारायचं? ते बसतात.

बायकोला सांगितलं. ही बटाटे सोलत होती. म्हणाली, तळ्यापाशी उतरायचंय का खरंच? म्हटलं, म्हणजे काय, वेळापत्रकातच आहे. सोललेला बटाटा पाण्यात टाकला. मग म्हणाली येते, पण माझा भाग मी खरा लिहीन. म्हटलं, अवश्य लिही. हिचं अक्षर सुरेख आहे, पाकीट उठून दिसेल. लिहायला तिच्याजवळ असं काय असणार?

१२ मार्च

साडू आणि मेहुणी जेवायला. मी बोलावलं नव्हतं. सूप वाढायच्या आत फोन काढून तीनशे फोटो. एका धबधब्याचेच चाळीस. पाणी सगळ्यात तेच. ही प्रत्येक फोटोला "अगं बाई, किती छान" म्हणत होती. शेवटी मी विचारलं, तिथून निघालात किती वाजता? साडूला सांगता येईना. मी पाण्याचा घोट घेतला आणि नुसतं हसलो. जिंकलो.

जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "दादा, एकदा आमच्याबरोबर चला, नुसतं बसा." मला दादा म्हणतो. माझ्याहून सहा महिन्यांनी लहान.

त्यानेही फॉर्म घेतलाय. मेहुणी हिच्या कानात काहीतरी सांगत होती. मी लक्ष दिलं नाही. दाराआडून नीट ऐकू येत नाही.

१६ मार्च, दुपारी १२

पहिली चाचणी फेरी. निघायची वेळ सहा. ही सहा-चारला गाडीत. चार मिनिटं पहिल्या दोन थांब्यांतून कापावी लागली असती, पण मी मोठ्या मनाने एकाच थांब्यातून दोन कापली आणि बाकीची वेग वाढवून भरून काढली. उपकार बोलून दाखवले नाहीत. एकदाच दाखवले.

घाटातलं वळण: धुकं. ही म्हणाली पाच मिनिटं थांबू, निघून जाईल. मी समजावलं की धुक्यासाठी बस थांबत नाही. ही म्हणाली ही बस नाही. निघाल्याबरोबर धुकं विरलं म्हणे, मागच्या काचेतून सगळी दरी दिसत होती म्हणे. म्हणजे दरी दिसली! तक्रार कशाची?

बाग: दारात एक आजी ताजा रस विकत होती. हिचा हात दाराच्या कडीवर होता तेवढ्यात वेळ संपली. माझा काय दोष.

तळं: आपल्या जागेवर एक ट्रक उभा. ट्रकवाल्याला हॉर्न दिला. त्याने डबा उघडला होता, हलला नाही. मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही, पण संकल्प दोन मोडला असं म्हणता येणार नाही, कारण मी चिडलो नव्हतो, माझा आवाजच तसा आहे. गाडी हळू केली आणि तळं चालत्या गाडीतून दाखवलं. थांबा धरला.

दहा-पन्नासला घरी. रेकॉर्ड. शेवटचे सत्तर किलोमीटर ही एक शब्द बोलली नाही. मन भरलं असावं.

१७ मार्च

ही अजून बोलत नाही. हवा बदलली की हिचा घसा धरतो.

२३ मार्च, संध्याकाळी ६

दुसरी चाचणी फेरी. एक किरकोळ अडचण आली. शांतपणे, क्रमाने लिहितो.

लाइटहाऊसला ९.०६ ला पोचलो. ही उतरली. मी इंजिन बंद केलं नाही, दोन मिनिटांसाठी कोण करतं. वहीत वेळ लिहिली. ९.०८ ला निघालो. अकरा किलोमीटरवर चष्मा पुसायला रुमाल मागितला. मिळाला नाही. परत मागितला. तेव्हा लक्षात आलं की ही गाडीत नाही.

एकतीस वर्षांत माझ्या वेळापत्रकात प्रवासी मागे राहिल्याची ही पहिली नोंद. आणि तीही प्रवाशाच्या चुकीने, कारण दोन मिनिटं आधी सांगितलेली होती.

लगेच परत वळलो. म्हणजे पंपापर्यंत जाऊन वळलो, सहावा थांबा तेवढा उरला होता, मध्येच सोडला असता तर फेरी बाद झाली असती. हवाही भरली. लाइटहाऊसला पोचायला ५५ मिनिटं लागली.

ही लाइटहाऊसच्या माथ्यावर. एकशे चाळीस पायऱ्या, हिचा गुडघा दुखतो म्हणे! लाइटहाऊसवाल्याच्या बायकोने हिला वर नेलं होतं, चहा दिला होता, दुर्बीण दिली होती. मी हॉर्न वाजवला. वरून हात हलवला. मी परत वाजवला. हिने खुणेने वर बोलावलं. आता मी वर गेलो असतो तर गाडीजवळ कोण थांबणार? तो सारासार विचार हिला सुचत नाही.

खाली आली ती माझ्याबरोबर यायला नाही. साडू आणि मेहुणीला फोन करून झाला होता, पाच-सात मिनिटांत त्यांची गाडी दारात. कुठे होते? अलीकडच्या पुलावर. सकाळपासून. पूल बघत.

ही माझ्या खिडकीशी आली. कधी लक्षात आलं विचारलं, मी अचूक आकडा सांगितला. ओरडेल म्हणून मी काच थोडी वर घेतली. ओरडली नाही. म्हणाली, "अकरा किलोमीटर बाजूची सीट रिकामी होती. तुम्हाला कळलं नाही." आणि साडूच्या गाडीत जाऊन बसली.

मी वाटेत नीट विचार केला. न कळण्याचं कारण उघड आहे. मी रस्त्याकडे बघत होतो. सुरक्षित चालक रस्त्याकडेच बघतो.

ही घरी आली पावणेचारला. हातात रसाची बाटली.

२५ मार्च

ही मुलीच्या रिकाम्या खोलीत राहायला गेली. कपाटासकट. म्हणजे कपाटातल्या सामानासकट. घर तेच, मध्ये एक भिंत. मुलीचा परगावाहून फोन आला. तिला मी सविस्तर समजावत होतो, तर मध्येच म्हणाली, बाबा, तुम्ही आईला रस्त्यात सोडून हवा भरलीत? लेकीलाही फितवलंय. तिथेही साडूचा हात पोचलाय.

२८ मार्च

चार दिवस ब्रेड आणि उकडलेली अंडी. अंडी बरोबर नऊ मिनिटं. मला काही फरक पडत नाही. उलट वेळ वाचतो. वाचलेल्या वेळात काय करायचं ते ठरवायचंय.

२ एप्रिल

क्लबला पत्र लिहिलं. मुद्दे बारा. मुख्य मुद्दा: सहप्रवाशाचा भाग रद्द करावा, कारण सहप्रवासी भावनेच्या भरात लिहितात. सेक्रेटरींचं उत्तर दोन ओळींत आलं. पत्र मिळालं, बरं वाटलं, आपल्या पत्नीचा भाग वाचायची उत्सुकता आहे. हा माणूस लोकांचे दात कसे काढत असेल याची मला आता कल्पना आली.

५ एप्रिल

हिच्याशी थेट बोलायचं ठरवलं. दारावर टकटक केली. माफी मागायचा प्रश्नच नव्हता, पण मी मनाची तयारी करून गेलो होतो की तिने मागितली तर लगेच स्वीकारायची. ही टेबलाशी बसून लिहीत होती. फॉर्मच्या उजव्या भागाला आणखी कागद जोडले होते. मी मोजले, सात. विचारलं, सहा थांब्यांवर सात पानं? म्हणाली, थांब्यांवर नाही.

मग कशावर? हिने पानं पालथी घातली.

१० एप्रिल

पाकीट जेवणाच्या टेबलावर आहे. फळांच्या भांड्याला टेकवून ठेवलेलं. बंद. जाड. ही ते मुद्दाम तिथे ठेवते, मला सगळं कळतं.

संकल्प: पाकिटाला हात लावायचा नाही. मी असल्या कोत्या वृत्तीचा माणूस नाही.

११ एप्रिल, सकाळी ५.४०

ही झोपलीय. पाकीट फक्त वजनासाठी उचललं. बऱ्यापैकी जड.

सकाळी ५.५५

वाफेने डिंक आपोआप सुटतो. त्याला उघडणं म्हणत नाहीत. किटली ठेवली आहे.

सकाळी ६.१५

उजव्या हाताचा अंगठा भाजला. डाव्या हाताने लिहितोय.

आत सात पानं नव्हती. पुठ्ठ्याचे दोन तुकडे आणि एक चिठ्ठी. चिठ्ठी अशी: "खरं पाकीट परवाच सेक्रेटरींकडे दिलं. पाणी उकळलंच असेल तर माझाही चहा टाका."

टाकला. कटकट नको म्हणून. हिने उठून प्यायला आणि साखर कमी आहे म्हणाली. एकोणीस दिवसांत आपणहून बोललेलं पहिलं वाक्य. वातावरण निवळतंय, मी म्हणालोच होतो.

१९ एप्रिल

माझा भाग दिला. टाइप केलेला. तक्ता, नकाशा, वेगाचा आलेख. शेवटी ठळक अक्षरात: एकूण थांबे सहा, एकूण थांबण्याचा वेळ बारा मिनिटं. असं काटेकोर काम क्लबने पंचवीस वर्षांत पाहिलं नसेल. ताफ्याच्या दिवशी करायच्या भाषणाचे मुद्दे काढायला घेतलेत. सुरुवात साडूला माफ करण्यापासून.

२६ एप्रिल, सायंकाळी ७

निकाल. क्लबचा हॉल, घडीच्या खुर्च्या, सगळे मेंबर. ही मेहुणीच्या शेजारी. मी पुढच्या रांगेत, कारण उठून जायला सोपं.

आधी चालकांचे भाग. माझा वाचला तेव्हा दोघा-तिघांनी घड्याळं बघितली, म्हणजे वेळेचं महत्त्व पोचलं. मग मागून कोणीतरी विचारलं, पेट्रोल पंप का? मी उठून हवेचं सांगितलं. लोक मनापासून हसले. मुद्दा पटला की माणूस हसतो.

मग सहप्रवाशांचे. हिचा सगळ्यात शेवटी.

सेक्रेटरींनी चष्मा लावला. शीर्षक: 'गाडी चालू असताना'. हिने माझ्या सहा थांब्यांवर काहीच लिहिलं नव्हतं. एकोणतीस वर्षांत माझ्या बाजूला बसून जे जे काचेतून मागे गेलं ते लिहिलं होतं. एका गावातलं निळ्या दारांचं घर, दर वर्षी एक दार जास्त निळं होत गेलेलं. शेतात एकटाच उभा पांढरा घोडा, मग पुढच्या वर्षी दोन, मग कोणीच नाही. चढावरची बेकरी, जिच्यातून नेहमी वास येतो आणि जिच्यातली बाई ही ओळखते, कारण एकदा लाल सिग्नल लागला होता. नदीच्या वळणावर दोरखंडाला धरून जाणारी होडी. "त्या होडीत कोण बसतं आणि पलीकडे काय आहे, मला माहीत नाही. अठ्ठावीस वेळा गेलोय." अशा तेवीस जागा. प्रत्येकीपुढे कुठल्या वळणानंतर, कुठल्या बाजूला, हे अचूक.

सेक्रेटरी मध्येच थांबले आणि पाणी प्यायले. पहिल्यांदाच मी त्यांना दुसऱ्याच्या बोलण्यासाठी थांबताना पाहिलं.

हात वर करून मतदान. साडूने स्वतःचा फॉर्म मागे घेतला आणि दोन्ही हात वर केले. चालत नाही असं मी नियम दाखवून सांगितलं, एकच धरला. तरीही आमचा रस्ता आला. आमचा! मी उठलो, कोट सारखा केला, पुढे गेलो.

सेक्रेटरी म्हणाले, तुम्ही बसा. निवड उजव्या भागाची झाली आहे. पुढच्या गाडीत सहप्रवासी बसतील आणि चालक त्यांनी निवडायचा. हिला विचारलं.

ही उभी राहिली. माझ्याकडे पाहिलं. खोटं का बोलू, मला वाटलं ही माझं नाव घेईल. ही म्हणाली, "जो थांबतो तो." साडूकडे सगळा हॉल बघायला लागला.

मला पण काम मिळालंय. एकेचाळिसावी गाडी. प्रत्येक जागी सगळ्यात शेवटी निघायचं, कोणी मागे राहिलं नाही ना ते बघायचं. हे हिनेच सुचवलं म्हणे. लोक टाळ्या वाजवत होते. ताफ्यातली सगळ्यात जबाबदारीची गाडी शेवटची असते. हे फारसं कोणाला माहीत नाही.

९ मे

गाडी धुतली. भाषणाचे मुद्दे फाडले, तसेही ते फार लांबले होते. हिला विचारलं, मधल्या एखाद्या टप्प्यात माझ्या गाडीत बसशील का, निदान नदीपर्यंत. म्हणाली, बघू. बघू म्हणजे होच.

११ मे, सकाळी ७.५०

ताफा निघाला. मी शेवटी. ही पुढे. मधल्या एकोणचाळीस गाड्यांमुळे दिसत नाही. निळी दारं: पन्नास मिनिटं. कोणाच्या बापाचं काय जातं?

सकाळी ९.४०

बेकरी. सगळे आत. मी गाडीशी. एका मेंबरच्या बायकोने पाव आणून दिला. कोणी पाठवला विचारलं तर म्हणाली, तिथल्या बाईनेच, शेवटच्या गाडीला द्या म्हणून. मी घेतला. ओळख नसताना लोक उगाच सलगी करतात.

सकाळी ११.२०

नदीचं वळण. होडी. पलीकडे जायला सहा मिनिटं, परत यायला सात, कारण प्रवाह. नोंद केली. लोक होडीत बसून जाताहेत, येताहेत, हसताहेत. शिस्त नाही.

सकाळी ११.५५

पुढच्या गाड्या निघाल्या. एक म्हातारे मेंबर पलीकडच्या काठावर झोपलेत, त्यांना उठवू नका असा निरोप आहे. मी थांबलोय. नियम आहे.

दुपारी १२.३०

होडीत जाऊन आलो. ड्यूटी म्हणून, म्हाताऱ्यांना बघायला. अजून झोपलेत. दोरखंड हाताला ओला लागतो. पलीकडे काही नाही. एक उतार आहे, गवत आहे, दोन बाया कपडे वाळत घालतात, आणि तिथून अलीकडचा आपला रस्ता दिसतो. पूर्ण. गाड्या जातात त्या बारीक दिसतात, कोणाची ते कळत नाही. येतानाची वेळ लिहायची राहिली.

दुपारी १२.४५

पलीकडे काय आहे ते सांगायला हिला फोन केला. मेहुणीने उचलला. म्हणाली, भाऊजी, ताई घोडे बघतेय, आत्ता बोलवत नाही, काही अर्जंट होतं का?

म्हटलं, नाही. काही काम नव्हतं.